शरीरातलं लोह कमी झालं तर जंतू दुबळे पडतात का?

तुमचा प्रश्न असा: जंतूंनाही लोह लागतं, मग ते मिळालं नाही तर आजार आपोआप सौम्य होतो का? कधी होतो. पण काही जंतू लोह कमी पडलं की उलट जास्त चवताळतात.

आपल्या अंगात साधारण 3-4 ग्रॅम लोह असतं, पण मोकळं जवळजवळ नाहीच. बरंचसं हिमोग्लोबिनमध्ये, साठ्यातलं फेरिटिन या प्रथिनात, रक्तात फिरणारं ट्रान्सफेरिन या दुसऱ्या प्रथिनानं धरून ठेवलेलं. संसर्ग झाला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि रक्तातलं लोह आणखी खाली जातं. (त्यामुळे तापात काढलेल्या आयर्नच्या रिपोर्टवर माझा फारसा भरवसा नसतो.)

यावर बऱ्याच जंतूंचा तोडगा म्हणजे सिडेरोफोर, लोह ओढून आणणारे छोटे रेणू. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. प्रॅक्टिकलला सीएएस आगरची (लोह बांधलेला निळा रंग घातलेल्या, जंतू वाढवायच्या माध्यमाची) निळी प्लेट करतो. तिच्यावर ई. कोलाय वाढला की कॉलनीभोवती नारिंगी कडं उमटतं, कारण निळ्या रंगाला बांधलेलं लोह जंतूनं काढून नेलेलं असतं. काचसामान मात्र आधी आम्लानं धुवायचं, नाहीतर त्यावर राहिलेलं लोहच प्रयोगाचा बट्ट्याबोळ करतं.

आता चवताळण्याचं उदाहरण: घटसर्प. त्याच्या विषाचं जनुक मुळात जंतूचं नाहीच, त्याच्यात शिरलेल्या विषाणूचं आहे. पण त्यावरचा लगाम जंतूचा: डीटीएक्सआर नावाचं प्रथिन. लोह असेतो ते जनुक दाबून धरतं, लोह संपलं की सोडतं. तुटवडा म्हणजे आपण माणसाच्या अंगात पोचलो, असा जंतूनं काढलेला अर्थच म्हणा ना. लोह जास्त असलं की विष बनत नाही, हे 1936 सालीच दाखवलं गेलं होतं.

उलट बाजू शिकागोत दिसली. तिथल्या विद्यापीठातले एक संशोधक प्लेगच्या ज्या जंतूवर काम करत होते, तो लोह मिळवण्याची यंत्रणा गमावलेला, म्हणून निरुपद्रवी समजला जाणारा वाण होता. 2009 मध्ये त्याच जंतूच्या संसर्गानं ते गेले. मृत्यूनंतरच्या तपासणीत कळलं की त्यांना हिमोक्रोमॅटोसिस होता, म्हणजे शरीरात लोह साचत जाण्याचा आनुवंशिक आजार. जंतूला जे ओढून आणता येत नव्हतं ते बहुधा आयतंच मिळालं.

जस्त आणि मँगनीजचीही अशीच ओढाताण चालते. पांढऱ्या पेशी कॅलप्रोटेक्टिन नावाच्या प्रथिनानं ते अडवतात. गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाचा जंतू तर लोहाच्या वाटेलाच जात नाही, मँगनीजवर भागवतो.

आपल्याकडे याचा रोजचा संबंध येतो तो अतिकुपोषित मुलांशी. पोषण पुनर्वसन केंद्रात मूल दाखल झाल्या झाल्या, ते कितीही फिकट दिसलं तरी, लोह सुरू करत नाहीत. आधी संसर्गावर उपचार होतात, आणि भूक परतून वजन वाढायला लागलं की मग लोहाचं औषध.