आईवडिलांनी एवढं सोसलं, तरी मला कृतज्ञ का वाटत नाही?

"मॅडम, आईवडिलांनी आमच्यासाठी रक्ताचं पाणी केलं. मला सगळं कळतं. पण त्यांनी ते बोलून दाखवलं की डोकं फिरतं. मी कृतघ्न आहे का?"

शब्द थोडे इकडचे तिकडे, पण हा प्रश्न मी पुण्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत पुन्हा पुन्हा ऐकते. विचारणारी माणसं तिशी-पस्तिशीची. राहायला चिंचवड, वाघोली, हडपसर. गावं मात्र बीडची, जालन्याची, कुणाचं साताऱ्याच्या डोंगरातलं. गाव सुटायचं कारण कुठे दुष्काळ, कुठे धरण, कुठे नुसतंच पोट. आणि याच प्रश्नाची दुसरी बाजू घेऊन त्यांचे आईवडील येतात : "पोरांना जाणीव नाही हो." दोघांनाही उपयोग होईल म्हणून एका कुटुंबाची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो एका वाहन कंपनीत इंजिनिअर. बायकोनं आग्रह धरला म्हणून आला. नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला आई पाहुण्यांसमोर म्हणाली, "समदी पांडुरंगाची कृपा." त्यावर हा सगळ्यांदेखत ओरडला, "तुझा पांडुरंग आला होता का फडात मोळ्या उचलायला?" आई दोन दिवस जेवली नाही.

आईवडील ऊसतोड कामगार. बीड जिल्ह्यातला, बालाघाटाच्या डोंगरातला कोरडवाहू भाग. दसऱ्याच्या आसपास मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ पैसे घ्यायचे, दिवाळी झाली की ट्रकमध्ये संसार टाकून सांगली-कोल्हापूरकडे निघायचं, ते कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की उन्हाळ्याच्या तोंडाला परत. नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. दोघांतलं एक जरी आजारी पडलं तरी खाडा. तोडलेल्या टनांवर उचल फिटायची आणि नाही फिटली तर बाकी पुढच्या हंगामावर चढायची. वीसेक वर्षं हे चाललं. वडील आता नाहीत.

मी त्याला विचारलं, "वास्तुशांतीला आईनं काय म्हणायला हवं होतं?"

तो लगेच म्हणाला, "की मी केलं. तुझ्या बापानं केलं. पाठीचे मणके गेले बाबांचे. आणि नाव कुणाचं? देवाचं!"

"म्हणजे त्यांच्या कष्टांचं श्रेय त्यांनाच मिळावं असं तुम्हाला वाटतं."

"मग काय तर!"

"आणि हा माणूस स्वतःला कृतघ्न म्हणवून घेतो?"

तो गप्प झाला. ज्याला आईवडिलांच्या घामाची किंमत नसते, तो त्या घामाचं श्रेय दुसऱ्याच्या नावावर गेलं म्हणून एवढा पेटत नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक ‘कृतघ्न’ मुलांच्या रागाखाली मला हेच सापडतं. त्यांचा कष्टांवर राग नसतो. कष्टांची गोष्ट ज्या तऱ्हेनं सांगितली जाते, तिच्यावर असतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा विश्वास आहे आणि इतक्या वर्षांत तो वाढतच गेला आहे. ‘मला कृतज्ञ वाटावं’ ही इच्छा चांगली आहे. ‘मला कायम कृतज्ञ वाटलंच पाहिजे, नाहीतर मी नालायक’ हा हुकूम आहे. हुकमावरून भावना येत नाही, अपराधीपणा मात्र येतो. मग माणूस आईला महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवतो आणि तिचा फोन उचलायचं टाळतो. हा हेच करत होता.

पण नुसता विचार तपासून हे प्रकरण सुटणार नव्हतं. पुढच्या एका भेटीत शाळेचा विषय निघाला. तिसरीपर्यंत तो आईवडिलांबरोबर कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या जागी उभारलेल्या झोपडीत, जायचा. शाळा बुडते म्हणून नंतर त्याला गावी आजीपाशी ठेवलं. धाकट्या बहिणी मात्र बरोबर जायच्या.

"ट्रक निघायचा तेव्हा रडू यायचं?"

"रडायचं नाही असं होतं. आजी म्हणायची, ते तुझ्यासाठीच चाललेत."

हे वाक्य आपल्याकडे घराघरात बोललं जातं. आजी वाईट नव्हती, तिनंच त्याला वाढवलं. पण आठ वर्षांच्या मुलाला ‘तुझ्यासाठीच’ असं सांगितलं की त्याचं तोंड बंद होतं. आपल्यासाठीच चाललेल्या माणसांना ‘जाऊ नका’ कसं म्हणायचं? तिथून पुढे त्याच्या मनात उपकार आणि तक्रार एकमेकांचे वैरी झाले. एक खरं मानायचं तर दुसरं खोटं ठरवावं लागतं, असं तो धरून बसला.

त्याच्या आईला मी बोलावलं ती भेट माझ्या कामातली मोलाची भेट मानते. ती खुर्चीच्या कडेला टेकून बसली होती. मुलगा भिंतीकडे बघत होता. मी विचारलं, "मावशी, फडात असताना पांडुरंगाला काय म्हणायचात?"

तिनं आधी मुलाकडे पाहिलं. मग म्हणाली, "शिव्या द्यायचे."

मुलानं मान वळवली.

"खोटं न्हाई बोलत, ताई. धाकटीच्या टायमाला सव्वा महिना बी झाला नव्हता. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकात चढायचं. तवा म्हणायचे, तुझी रखुमाई बसलीया राऊळात, लाव की तिला बी एक डाव मोळी उचलाया! आन् रातच्याला परत त्यालाच म्हणायचे, माझं लेकरू गावाला हाय, बघ बाबा त्याच्याकडं. दुसरं कुणाला म्हणणार? मुकादमाला?"

"तू हे कधी बोलली नाहीस," मुलगा म्हणाला.

"तुला सांगितलं असतं तर तू शाळा सोडून आला असतास."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं शहाणपणा सांगायला जाऊ नये हे मी अनुभवानं शिकले आहे. मग तो खाली मान घालून म्हणाला, "मला तुमच्याबरोबर यायचं असायचं. दर वर्षी."

"ठाव हाय मला. म्हणून तर ट्रक निघाला की म्या मागं बघतच नव्हते. तुला ठेवून गेलो ते वाईटच केलं रं. पण दुसरा इलाज नव्हता."

या आधी पंचवीस वर्षं त्यानं ‘दुसरा इलाज नव्हता’ एवढंच ऐकलं होतं. ‘वाईटच केलं’ हे पहिल्यांदा ऐकलं. तो रडला आणि आईनं त्याला रडू दिलं.

मी स्वतः देवपूजा करणारी नाही. पण त्या दिवशी या बाईच्या श्रद्धेचं काम माझ्या नीट ध्यानात आलं. तिच्या मुलाला वाटत होतं, आई सोसलेलं सगळं देवाच्या नावाखाली झाकून टाकते. प्रत्यक्षात जिथे तक्रार करता येईल अशी तिला ती एकच जागा होती. मुकादम ऐकणार नव्हता, नवरा तितकाच थकलेला, लेकरू लहान. वारकरी परंपरेत वाढलेल्यांना यात नवल वाटणार नाही. जनाबाई, नामदेव आपल्या विठोबाशी कडाक्याचं भांडले आहेत. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात घरची माणसं गमावलेले तुकोबाही देवाला खडसावताना मागेपुढे पाहत नाहीत. आभार आणि भांडण एकाच दारात, हे आपल्या भक्तीला पहिल्यापासून ठाऊक आहे. मुलाला जे जमत नव्हतं ते आई उसाच्या फडात रोज करत होती.

त्यानंतर मी दोघांना एक काम दिलं. त्या वर्षांत कुणी काय केलं ते आठवायचं. देव आणि आईवडील सोडून. आईनं शेजारच्या कोपीतली बाई सांगितली, जिनं बाळंतपणानंतर आपल्या मोळ्यांबरोबर हिच्याही मोळ्या वाहिल्या. लेकरांना विहिरीवर आंघोळ करू देणारा शेतकरी सांगितला. मुलानं शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवणारे गुरुजी लिहिले, आणि आजी. आजीचं नाव लिहिताना त्याला कसलाही हुकूम आठवला नाही. कृतज्ञता अशी येते. ‘त्यांनी आयुष्य झिजवलं’ एवढं मोठं वाक्य कुणालाच उचलवत नाही. एका माणसाची एका दिवसाची एक गोष्ट मात्र मनाला जाऊन भिडते.

तेव्हा आईवडिलांना माझं सांगणं असं, की ‘तुझ्यासाठी केलं’ हे वाक्य सोडा. काय घडलं ते सांगा. कशाची भीती वाटली, कुणाचा राग आला, कोण मदतीला आलं, हेही सांगा. आणि तेव्हा तुझं काय झालं, हे एकदा तरी मुलांना विचारा. उत्तर कडू आलं तर लगेच आपली बाजू मांडू नका.

मुलांनो, आईशी देव आहे की नाही यावर वाद घालू नका, त्यातून काही निघत नाही. लहान प्रश्न विचारा. अवकाळी पाऊस आला की कोपीत चूल कशी पेटायची? त्या वर्षीची उचल कशात गेली? आणखी एक, जे मी आवर्जून सांगते : कष्ट केले म्हणून घरातली मारहाण माफ होत नाही. बापानं घाम गाळला हे खरं आणि दारू पिऊन मारलं हेही खरं, तर दोन्ही खरं धरा. एकासाठी दुसरं पुसायचं कारण नाही. अपराधीपणानं झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर एकट्यानं झुंजू नका. टेली-मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं.

या घरात सगळं गोड झालंय असं नाही. हरिपाठाच्या वेळी तो अजूनही गॅलरीत जाऊन उभा राहतो. पण परवा त्यानं गाडी घेतली तेव्हा आई म्हणाली, "तुझ्या बापाची पाठ गेली, आन् पांडुरंगाची कृपा झाली." तो म्हणाला, या क्रमानं असेल तर चालेल.

ज्यांचे आईवडील आता हयात नाहीत ते विचारतात, आम्ही कुणाला विचारायचं? त्यांच्याबरोबर गाव सोडलेली माणसं शोधा. टोळीतली एखादी मावशी, चाळीतले शेजारी, त्या वर्षी उसने पैसे देणारा कुणी. बहुतेकदा एखादं तरी माणूस सापडतं, आणि त्याला तुमच्या आईवडिलांबद्दल अशा गोष्टी माहीत असतात ज्या त्यांनी तुम्हाला कधीच सांगितल्या नसत्या. फोनवर विचारू नका. जाऊन बसा, वेळ काढून.