गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आई एकटीच अमेरिकेला चाललीये, एअरपोर्टच्या सिक्युरिटीत फार त्रास होतो का?

तुम्ही लिहिलंय की आई ७२ वर्षांच्या आहेत, एक गुडघा बदललाय, काठी घेऊन चालतात आणि मुंबईहून एकट्याच तुमच्या बहिणीकडे निघाल्यात. त्रास होतो, खरं तेच सांगते. माझे दोन्ही गुडघे बदललेत आणि मुलाकडे जाणं-येणं असतं, त्यामुळे हे सगळं अंगावरून गेलंय.

तपासणीबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. १९९९ मध्ये आपलं विमान पळवून कंदहारला नेलं त्यानंतरच आपल्या एअरपोर्टवर सीआयएसएफ, म्हणजे केंद्राचं सुरक्षा दल, आलं, आणि ते आपल्याच जिवासाठी आहे. माझा राग आहे तो घाईवर. मागे पन्नास माणसं उभी, पुढे ट्रे सरकतोय, पर्स मोबाईल चार्जर शाल सगळं त्यात टाकायचं आणि हातातली काठीसुद्धा त्या एक्सरे मशीनमध्ये जाते, मग त्या चौकटीतून बिनकाठीचं चालत या म्हणतात. पुढे बायकांसाठी पडद्याआड जागा असते तिथे खाली एक ठोकळा ठेवलेला असतो, त्यावर चढून हात पसरून उभं राहायचं, मग पाठ फिरवायची. धरायला काही म्हणजे काहीच नाही. गुडघ्याच्या माणसाला चढणं एकवेळ जमतं हो, उतरताना जीव मुठीत येतो. आणि मशीन गुडघ्यापाशी नेलं की वाजणारच, आत धातू आहे, मग पुन्हा चेकिंग, पुन्हा तेच प्रश्न.

आईंना एवढंच शिकवून ठेवा की ठोकळ्यावर चढायच्या आधीच बोलायचं. "बेटा, घुटने का ऑपरेशन हुआ है, नीचे ही चेक कर लो." मी दरवेळी हेच म्हणते आणि आजवर एकाही मुलीने नाही म्हटलेलं नाही, उलट हात धरतात. पण आपण गप्प राहिलो तर त्यांना कळणार कसं, त्याही बिचाऱ्या तासन् तास उभ्या असतात. डॉक्टरांचं पत्र घ्या, त्याने तपासणी टळत नाही पण समजावत बसावं लागत नाही. कागदच घ्या हं, फोनमधल्या फोटोचा उपयोग नाही, कारण नेमका तेव्हा फोन ट्रेमध्ये असतो!

नृत्यांगना आणि अभिनेत्री सुधा चंद्रन यांचं आठवत असेल, २०२१ मध्ये त्यांनी व्हिडिओ टाकला होता की दरवेळी सिक्युरिटीत कृत्रिम पाय काढून दाखवायला लावतात. सीआयएसएफने माफी मागितली. त्या व्हिडिओत त्यांनी ज्येष्ठ नागरिकांसाठी एखादं कार्ड द्या असंही म्हटलं होतं, आणि ती मागणी मला शंभर टक्के पटते. दरवेळी अनोळखी माणसासमोर आपल्या शरीराची कहाणी सांगायची याचा खूप शीण येतो.

व्हीलचेअर घ्याच. आई चालतात म्हणून नको असं अजिबात करू नका, चालण्यापेक्षा रांगेत उभं राहणं जास्त वाईट. तिकिटासोबतच मागा, निदान ४८ तास आधी तरी, आणि निघायच्या आदल्या दिवशी फोन करून खात्री करा. आणि व्हीलचेअर यायला उशीर झाला तर चालत सुटायचं नाही हे त्यांना बजावून सांगा. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईलाच न्यूयॉर्कहून आलेलं एक वयस्कर जोडपं होतं, दोघांनी व्हीलचेअर सांगितलेली पण मिळाली एकच, बायको तिच्यात बसली आणि ऐंशीचे आजोबा मागून चालत निघाले. इमिग्रेशनपाशी कोसळले आणि गेले. विमान वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी डीजीसीएने त्या विमान कंपनीला ३० लाखांचा दंड केला पण माणूस गेला तो गेलाच ना. मी ती बातमी विसरू शकत नाही.

सामानाचं म्हणाल तर सगळी औषधं हातातल्या बॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट. इन्सुलिन असेल तर तेही जवळच, खालच्या सामानात गोठू शकतं. हातातल्या बॅगेतल्या पातळ वस्तूंचा १०० मिलीचा नियम औषधांना लागू नाही, फक्त वेगळी काढून दाखवायची. लोणचं, तूप चेक-इनमध्ये. बटव्यात अडकित्ता नाही ना बघा, आमच्या नणंदबाईंचा सासूबाईंच्या वेळचा पितळी अडकित्ता तिथेच राहिला, अजून हळहळतात.

अमेरिकेत पुढे दुसरं विमान असेल तर बॅगा घेऊन परत द्यायच्या आणि सिक्युरिटी पुन्हा पहिल्यापासून, त्यामुळे मध्ये भरपूर वेळ असलेलं तिकीट बघा. तिथे बूट आता सरसकट काढायला लावत नाहीत, २०२५ च्या जुलैपासून. पण स्कॅनरमध्ये दोन्ही हात डोक्यावर धरून उभं राहावं लागतं, खांदा वर जात नसेल तर आधीच सांगायचं, मग हाताने तपासतात. टीएसए म्हणजे तिथली एअरपोर्ट सिक्युरिटी, टीएसए केअर्स म्हणून त्यांची मदत आहे, ७२ तास आधी फोन करावा लागतो, तो तुमच्या बहिणीलाच करू द्या. कानाचं मशीन असलं तर तेही काढायची गरज नसते, आणि काढूच देऊ नका, नाहीतर समोरचा काय सांगतोय तेच ऐकू येणार नाही.