घर की प्लॉट, त्याआधी त्या सहीचं बघा

प्रश्न : मी लातूरला अनुदानित शाळेत शिक्षिका आहे. वय ३९, हातात पगार ५२ हजार. मुलगी ११ वर्षांची, माझ्याकडेच राहते. आम्ही संमतीने वेगळे होतोय, पहिला अर्ज दाखल झालाय. रो-हाऊस दोघांच्या नावावर आहे, किंमत ५५ लाख, गृहकर्ज १८ लाख बाकी, हप्ता २० हजार. मिस्टरांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. त्यांनी दोन पर्याय दिलेत. एक, घरातला त्यांचा हिस्सा माझ्या नावे, पुढचे हप्ते मी भरायचे. दोन, घर त्यांचं, मला हरंगुळकडचा त्यांच्या नावचा एनए (बिगरशेती) प्लॉट (२२ लाख) आणि दोन वर्षांत ८ लाख रोख. दोन्हींत पोटगी आणि मुलीचा खर्च मागायचा नाही. एजंट म्हणतो, तिथल्या रेल्वे बोगी कारखान्यामुळे प्लॉट पाच वर्षांत दुप्पट होईल. दुकानाच्या २५ लाखांच्या सीसीचं (कॅश क्रेडिट, धंद्यासाठीचं बँकेचं फिरतं कर्ज) ते बघतील, मी फक्त दरवर्षी सही करते. घराचे कागद त्याच बँकेत आहेत. सीसीच्या वेळी बँकेने वर्षाला एक लाखाची विमा पॉलिसी घ्यायला लावली, नाव त्यांचं, हप्ता माझ्या पगारातून, चार भरले. माझं १२ तोळे सोनं दुकानासाठी गहाण आहे, त्याचा नाद आता सोडलाय. ३७ लाखांचं घर घेऊ की ३० लाखांचा प्लॉट-रोख?

उत्तर : ताई, पत्रातलं सगळ्यात महाग वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय : ‘मी फक्त दरवर्षी सही करते.’ ती सही जामीनदाराची आहे, आणि घराचे कागद त्याच बँकेत आहेत याचा अर्थ घर बहुतेक दुकानाच्या सीसीलाही तारण आहे. म्हणजे जे घर तुम्ही वाटणीत घेऊ पाहताय, ते मिस्टरांच्या दुकानासाठी आधीच बांधलेलं आहे.

हिशेब पुन्हा मांडू. ५५ मधून १८ गेले, ३७ राहिले, इथपर्यंत तुमचं बरोबर. त्यातून सीसीचे २५ वजा करा. राहिले १२. सीसी थकली आणि बँकेने घर लिलावात काढलं, तर ५५ येत नाहीत, ४५ धरा. ४५ मधून १८ आणि २५ गेले की तुमच्या हाती २ लाख. आणि लिलावात भागलं नाही, तर जामीनदार म्हणून बँक तुमच्या पगाराकडेही बघू शकते. १८७२ च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळं लिहिलं नसेल तर.

‘ते बघतील म्हणालेत’ हे तुमच्या दोघांतलं बोलणं झालं. बँक त्यात नाही. उद्या कोर्टाने हुकूमनाम्यात लिहिलं की सीसी पतीने फेडावी, तरी बँकेवर ते बंधन नाही. बँकेकडे तुमची सही आहे, ती त्यावर चालणार. खातं ९० दिवस थकलं की एनपीए म्हणजे थकीत कर्ज ठरतं, त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस, आणि मग ताबा. त्यासाठी बँकेला दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं फिरावं लागत नाही.

मिस्टर बुडवतील असं मी म्हणत नाही. पण खत-बियाण्यांचा धंदा उधारीवर चालतो हे लातुरात कुणाला सांगायला नको. जूनमध्ये माल जातो, सोयाबीन आडतीवर आल्यावर पैसे येतात. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने शिवारं पाण्याखाली गेली. सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता आणि बाजारात दर त्याच्या खाली. शेतकऱ्याच्या हाती पैसा नाही तर दुकानदाराची उधारी वसूल कुठून होणार? दुकानदार सचोटीचा असला तरी सीसी गळ्यापर्यंत येते. २५ लाखांवर ११ टक्क्यांनी वर्षाचं व्याज पावणेतीन लाख, महिन्याला २३ हजार. तेवढे तीन महिने चुकले की तुमच्या दारात नोटीस.

आता तुमच्या हातात काय आहे ते ऐका, कारण ते बरंच आहे. सीसीचं दरवर्षी नूतनीकरण होतं आणि त्याला तुमची सही लागते. यंदा ती करायची नाही. त्याआधीच बँकेला लेखी कळवा की आम्ही वेगळे होत आहोत, यापुढच्या व्यवहारांसाठी मी जामीन राहणार नाही, घर सीसीच्या तारणातून मोकळं करा. पत्राची पोच घ्या. त्या पत्राने आजवरचं देणं सुटत नाही, आणि बँकेच्या छापील करारात जामीन मागे घेण्याचा हक्क सोडून दिलेला असू शकतो, म्हणून करार वकिलांना दाखवा. पण नूतनीकरण अडलं की बँक मिस्टरांना दुसरं तारण मागेल, आणि दुसरं तारण त्यांच्याकडे आहे : तोच हरंगुळचा प्लॉट.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच निघतं. प्लॉट तुम्ही घ्यायचा नाही, तो बँकेकडे जाऊ द्या. २२ लाखांच्या प्लॉटवर बँक २५ लाखांची सीसी ठेवणार नाही. माझा अंदाज १५ लाखांचा. उरलेले १० लाख मिस्टरांनी माल विकून, उधारी गोळा करून किंवा शेती असेल तर तिच्यावर कर्ज काढून भरावेत. दुकान त्यांचं, नफा त्यांचा, मग तारणही त्यांचंच.

प्लॉट दुप्पट होण्याबद्दल थोडक्यात. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे दरवर्षी जवळपास पंधरा टक्के. कारखान्याचं भूमिपूजन २०१८ मध्ये झालं, त्याच्या नावावर जी भाववाढ व्हायची ती आजच्या २२ लाखांत आधीच धरलेली आहे. प्लॉट भाडं देत नाही, आणि मुलीची फी भरायच्या महिन्यात त्याचा एक कोपरा कापून विकता येत नाही. दोन वर्षांत मिळणारे ८ लाख तर नुसता शब्द आहे, ज्याच्या डोक्यावर सीसी आहे त्या माणसाचा.

आता दुसरी चूक, आणि ही मला जास्त टोचते. मुलीचा खर्च सोडून द्यायचा, हे कोणी ठरवलं? मिस्टर तुम्हाला ३७ लाख देत नाहीत. अर्धं घर आधीपासून तुमचंच आहे. ते देतायत साडेअठरा, तेही सीसीचं ओझं उतरलं तर. बदल्यात तुम्ही काय सोडताय? महिना १५ हजार म्हणजे वर्षाला १.८ लाख, मुलगी २२ ची होईपर्यंत ११ वर्षं, २० लाख. महागाई धरलेली नाही, आणि लातुरात राहून अकरावी-बारावीच्या क्लासचा खर्च तुम्हाला मी सांगायची गरज नाही. साडेअठरासाठी वीस सोडायचे, हा व्यवहार कुणाला सांगितला तर तो तुम्हाला थांबवेल. शिवाय मुलीचा सांभाळ हा मुलीचा हक्क आहे, आईने तिच्या वतीने तो सोडायचा नसतो. मिस्टरांची वडिलोपार्जित शेती असेल, तर तिच्यात घटस्फोटाने तुम्हाला वाटा मिळत नाही, पण मुलीचा २००५ च्या दुरुस्तीनंतर जन्मतः हक्क आहे. ‘यापुढे कोणताही दावा राहणार नाही’ हे वाक्य कन्सेंट टर्म्समध्ये (संमतीच्या लेखी अटींत) असेल, तर ते फक्त तुमच्यापुरतं ठेवा, मुलीचं नाव त्यात येऊ देऊ नका. स्वतःची पोटगी सोडायची असेल तर सोडा, तुमचा पगार आहे.

१२ तोळे का सोडताय? स्त्रीधन ही पत्नीची स्वतःची मालमत्ता, पतीने अडचणीत वापरलं तर परत करायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्येही पुन्हा सांगितलंय. तोळ्याचा भाव लाखाच्या वर गेलाय. बारा लाखांहून जास्त रक्कम ‘नाद सोडला’ म्हणून लिहून टाकू नका. सोनं सोडवून द्यायची तारीख अटींत येऊ द्या.

पॉलिसी. कर्ज मंजूर करायला विमा पॉलिसी घ्यायची सक्ती बँकेला करता येत नाही, तरी काउंटरवर हे रोज चालतं आणि मला त्याचा मनस्वी संताप येतो. चार लाख भरले, परतावा जेमतेम पाच टक्के, विमा त्यांच्या जिवावर, हप्ता तुमचा. पुढचा हप्ता भरू नका. चार वर्षांनंतर बंद करताना भरलेल्याच्या साधारण निम्मे, म्हणजे दोन लाख तरी मिळतील. पॉलिसी त्यांच्या नावावर असल्याने पैसे त्यांच्या खात्यात येतील, म्हणून ती रक्कम तुम्हाला द्यायची असं लिहून घ्या आणि गृहकर्जात भरा. ती बँकेकडे गहाण नाही ना, हे आधी विचारा.

त्याऐवजी मिस्टरांनी ५० लाखांचा टर्म विमा (फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा) घ्यावा, १८७४ च्या विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली, लाभार्थी मुलगी. ही नोंद पॉलिसी घेतानाच करावी लागते. उद्या त्यांचं काही बरंवाईट झालं तर ते पैसे दुकानाकडे ज्यांचं येणं आहे त्यांना घेता येत नाहीत, थेट मुलीचे होतात. वर्षाला १२-१५ हजारांचा खर्च. मुलीचा महिन्याचा खर्च ज्या माणसावर अवलंबून आहे, त्याचा एवढा विमा हवाच.

क्रम चुकवू नका. आधी तुमचा सिबिल अहवाल (तुमच्या नावावरच्या कर्जांची नोंद) काढा, वर्षातून एकदा फुकट मिळतो. आणखी कुठे जामीन म्हणून नाव आहे का ते दिसेल. मिस्टरांकडून मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र मागा, २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पोटगीच्या प्रकरणांत ते दोघांनाही द्यावं लागतं. दुकानाची खरी स्थिती त्यात येईल. मग बँकेचं तारणमुक्तीचं पत्र, आणि गृहकर्ज तुमच्या एकटीच्या नावावर. ५२ हजारांत २० हजारांचा हप्ता बँकेला चालतो.

त्यानंतर घराच्या हिश्शाचं बक्षीसपत्र, आणि ते घटस्फोटाच्या आधी. पतीने पत्नीला राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, शहरातला स्थानिक अधिभार वेगळा लागू शकतो. हुकूमनामा झाल्यावर तुम्ही पत्नी राहत नाही, मग त्याच अर्ध्या हिश्शावर दीड लाखाच्या आसपास शुल्क जाईल. कोणी ‘हक्कसोडपत्र करू’ म्हणालं तर नको म्हणा. घर वडिलोपार्जित नसल्याने त्याला ही सवलत नाही.

पहिल्या अर्जानंतर दुसऱ्या अर्जाला साधारण सहा महिने असतात आणि तोवर संमती मागे घेता येते. म्हणजे घाई मिस्टरांना असेल, तुम्हाला नाही. बँकेने सीसीचं तारण सोडायला नकार दिला, तर घर विकून गृहकर्ज फेडा, सीसी मिस्टरांच्या अर्ध्यातून कापून घ्या, तरी कमी पडणारे साडेसहा लाख त्यांनी भरावेत, आणि तुमचे साडेअठरा लाख वेगळे काढा. बँकेचं पत्र हातात येईपर्यंत दुसऱ्या अर्जावर सही करू नका.