टाकी मोठी केल्यावर शेवाळ: आधी मिठाचा हिशेब बघा

समुद्री माशांच्या दोन फुटी टाकीतून चार फुटीत आलात, तीन आठवड्यांत वाळूवर तपकिरी थर, दगडांवर हिरवे केस, सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा) १.०२९. म्हणून सगळं पाणी फेकून देऊ का, असं विचारताय. अजिबात नको.

आधी मीठ. पातळी उतरली की तुम्ही मिठाचं पाणी ओतता, घोटाळा तिथेच आहे. मिठागरात काय होतं? पाणी उडतं, मीठ मागे राहतं. तुमच्याकडे तेच चाललंय, वर तुम्ही रोज मीठ वाढवताय. उडालेलं पाणी गोड्या पाण्यानेच भरायचं. आता तीनशे लिटरमधून रोज दहा लिटर काढून तेवढंच गोडं पाणी सावकाश सोडा. चारेक दिवसांत १.०२५ च्या आसपास याल. त्याआधी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारेपणा मोजायचं यंत्र, ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणावर तपासा. माझा साध्या पाण्यावर शून्य दाखवायचा आणि वर्षभर खोटं बोलत होता.

गोडं म्हणजे नळाचं नव्हे, घरच्या प्युरिफायरचंही नव्हे. बऱ्याच प्युरिफायरमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतात. प्युरिफायरच्या पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) लावा, टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजणारा) शून्य आलं पाहिजे. तपकिरी थर बहुधा डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा. त्याला सिलिकेट लागतं, ते नव्या वाळूतून आणि असल्या पाण्यातून मिळतं. तो पुरवठा आटला की थर आपोआप ओसरतो.

हिरव्या केसांबद्दल माझा संशय जुन्या वाळूवर आहे, तुम्ही ती न धुता आणलीत. हा उद्योग मीही केलाय. अर्धी वाळू टाकीत गेल्यावर सहज एक मगभर बादलीत ढवळली, तर पाणी कोऱ्या चहासारखं आणि सडक्या अंड्यांचा वास. सकाळी दोन क्लाउन मासे मेलेले. उपयोगी बॅक्टेरिया दगडांवर असतातच, वाळूवर जीव टाकू नका. दर आठवड्याला वाळूचा पाव भाग सायफनने काढा, एकदम उपसू नका.

केस हाताने उपटा, उरलेले पाणी बदलताना टूथब्रशने घासून पाइपने ओढा. लाइट सहा तास. शेवाळ मारायचं औषध घालू नका, मेलेलं शेवाळ तिथेच कुजतं आणि फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खाद्य, पुन्हा पाण्यात. तुमची टेस्ट फॉस्फेट शून्य दाखवते यावरही जाऊ नका, शेवाळच ते खाऊन बसलंय. ०.०३ ते ०.१ पीपीएम (दहा लाखांत किती भाग) फॉस्फेट आणि ५ ते १० पीपीएम नायट्रेट असू द्यात.

एक मात्र आज रात्री टाकीचा लाइट बंद व्हायच्या आधी बघा. तपकिरी थराला शेंबडासारखे धागे लोंबताहेत का, टोकाला बुडबुडे आहेत का, गोगलगायी मरताहेत का? तसं असेल तर डायटम नव्हे, डायनो (डायनोफ्लॅजेलेट, दुसरा एक सूक्ष्म जीव) असण्याची शक्यता जास्त. मग फिल्टरमधली फॉस्फेट काढणारी पिशवी आधी बाहेर काढा आणि फोटो टाका.