चेंडू ग्लोव्ह्जमधून का उडतो?

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा आहे, यष्टिरक्षण करतो. फिरकीला यष्टींजवळ उभा राहिला की चेंडू ग्लोव्ह्जला लागून उडतो. हात कडक आहेत का?

उत्तर : हात नव्हे, बहुधा गुडघे. चेंडूचा टप्पा पडण्याआधीच तो उठत असणार. मग हात वरून खाली येतात आणि चेंडू बोटांच्या टोकांवर आदळतो. बसून राहायचं, उसळीबरोबर उठायचं. बोटं जमिनीकडे, करंगळ्या एकमेकींना चिकटलेल्या, चेंडू येताच हात किंचित मागे. ग्लोव्ह्जच्या आत सुती इनर (पातळ हातमोजे) हवेतच.

आणि यष्टींजवळ हेल्मेट काढू देऊ नका, अगदी सरावातही. कसोटीत यष्टींमागे ५५५ बळी घेणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या मार्क बाऊचरच्या डाव्या डोळ्यावर २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या टाँटनला फिरकीवर उडालेली बेल (यष्टींवरची छोटी लाकडी दांडी) आदळली. हेल्मेट नव्हतं. कारकीर्द तिथेच संपली.