१४ वर्षे जुनी, १,१०,००० किलोमीटर चाललेली गाडी घ्यावी का?

आपण लिहिले आहे की १४ वर्षे वापरलेली, १,१०,००० किलोमीटर चाललेली, एकाच मालकाच्या हातची पेट्रोल गाडी आपल्या पाहण्यात आहे, ती दिसायला स्वच्छ आहे, आणि ती घ्यावी की थोडे थांबून कमी वयाची गाडी पाहावी, हे आपल्याला ठरवता येत नाही. माझ्या मते अशी गाडी घेण्यासारखी असू शकते. मात्र सांगाडा गंजलेला नसावा आणि इंजिन पूर्ण गार असताना आपल्यासमोर सुरू व्हावे, या दोन अटींवर मी स्वतः तडजोड करणार नाही.

दुसऱ्या अटीबद्दल मी आग्रहाने लिहितो, कारण तिची किंमत मी मोजलेली आहे. काही वर्षांपूर्वी मी एक जुनी गाडी पाहायला गेलो, तेव्हा मालकाने ती आधीच सुरू करून ठेवली होती. बॉनेटला हात लावला तर चटका बसत होता, तरीही मला त्यात काही वावगे वाटले नाही. गाडी घेतल्यावर दोन महिन्यांत कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, सतत कमी होऊ लागले आणि सकाळी सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येऊ लागला. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधला सांधा बंद ठेवणारा थर, गेले होते, आणि त्या कामाला गाडीच्या किमतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा लागला.

म्हणून मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, आणि गेल्यावर आधी बॉनेटवर तळहात ठेवून पाहा. इंजिन गार असेल तरच रेडिएटरचे झाकण उघडावे, कारण तापलेल्या इंजिनावर ते उघडल्यास उकळते पाणी अंगावर उडते. आतले कुलंट तांबूस, गढूळ किंवा वर तेलाचा तवंग आलेले नसावे. ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधट साय दिसली, तर तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. रोज अगदी थोडे अंतर चालणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही ती धरते. तिच्या जोडीला कुलंट कमी असेल आणि पांढरा धूर थांबत नसेल, तर मात्र माघार घ्यावी. सुरू होताच पहिली काही मिनिटे निघणारी पांढरी वाफ स्वाभाविक असते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे: तो सुरू करताना क्षणभर आला तर बहुधा व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हपाशी ऑइल अडवणारे रबर) झिजलेले असतात, पण वेग वाढवताना सतत येत राहिला तर पिस्टन रिंगांचा (पिस्टनभोवतीच्या कड्यांचा) संशय धरावा, आणि ते काम इंजिन खोलल्याशिवाय होत नाही.

आपल्या आकड्यांचा हिशेब केला तर ही गाडी वर्षाला आठ हजार किलोमीटरही चाललेली नाही. कमी चाललेली गाडी म्हणजे उत्तम गाडी, असे बरेच जण धरून चालतात. मला ते पटत नाही. रबराचे पाइप, सील, सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतले रबर) आणि टायर हे सारे गाडी उभी असली तरी म्हातारे होत असतात. टायरच्या बाजूवर लांबट चौकटीत चार अंक असतात, त्यांतले पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायरची नक्षी भरपूर शिल्लक असूनही अंक दहा वर्षांपूर्वीचे निघाले, तर चारही टायरांचा खर्च धरूनच किंमत बोलावी.

याच कारणाने टाइमिंग बेल्टची, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्ह आणि पिस्टनची हालचाल जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याची, चौकशी आवर्जून करा. इंजिनात बेल्टऐवजी चेन असेल, तर तिला ठरावीक मुदतीने बदलावे लागत नाही. सुरू करताना पहिले काही सेकंद खडखडाट होत नाही ना, एवढे ऐकावे. बेल्ट असल्यास तो गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरवर किंवा वर्षांवर, जे आधी येईल तेव्हा, बदलायचा असतो. अनेक इंजिनांत तो तुटताच व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन निकामी होते. ‘बदलला आहे’ या तोंडी शब्दावर विसंबू नये. पावती नसेल तर बदललेला नाही असेच समजावे.

गंजाकडे मी सर्वांत कडक नजरेने पाहतो, कारण इंजिन दुरुस्त करता येते, पण कुजलेला सांगाडा अपघातात माणसाला वाचवू शकत नाही. दाराच्या कडेवर आलेला गंज किरकोळ समजावा. पायाखालचा गालिचा उचलून, स्टेपनीच्या खळग्यात, दारांखालच्या पट्टीवर आणि सस्पेन्शन जिथे सांगाड्याला जोडलेले असते तिथे अंगठ्याने दाबून पाहा. पत्रा आत गेला किंवा खपली निघाली तर पुढे बोलणीच करू नयेत. खालून ताजा काळा लेप दिलेला असेल तर त्याखाली काय झाकले आहे, हे विचारावे. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ दिसते का तेही पाहावे, म्हणजे गाडी पुराच्या पाण्यात बुडाली होती का याचा अंदाज येतो.

चालवून पाहताना किमान अर्धा तास द्या, म्हणजे तापमानाचा काटा एका जागी स्थिरावतो की चढत राहतो, ते कळेल. वरच्या गिअरमध्ये जोर दिल्यावर इंजिनाचा आवाज वाढला पण वेग वाढला नाही, तर क्लच संपला आहे. किल्ली फिरवताच एअरबॅगचा आणि एबीएसचा (ब्रेक दाबताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागून नंतर विझला पाहिजे. जो दिवा मुळात लागतच नाही, तो दोष लपवण्यासाठी काढलेला असू शकतो.

शेवटी, मालकाशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून गाडी वर उचलून तपासून घ्या, आणि बेल्ट, टायर, बॅटरी, ब्रेक ऑइल व कुलंट यांचा खर्च मागितलेल्या किमतीत मिळवून मग कमी वयाच्या गाडीशी तुलना करा. ती बेरीज कमी वयाच्या गाडीच्या जवळपास गेली, तर मी दुसरी गाडी घेईन. आपल्या गाडीत बेल्ट आहे की चेन, आणि बेल्ट असल्यास पावतीवर कोणती तारीख व किती किलोमीटर आहेत, हे कळवलेत तर त्याबद्दल अधिक नेमके लिहिता येईल.