हप्ता आधी सुरू होतो, पगार नंतर

प्रश्न: मुलीला नीटच्या दुसऱ्या प्रयत्नातही सरकारी सीट मिळाली नाही. अभिमत विद्यापीठाची वर्षाला 25 लाख फी आम्हाला झेपणार नाही. बाहेरचे दोन पर्याय हातात आहेत. किर्गिझस्तानातल्या बिश्केकच्या एका मेडिकल कॉलेजसाठी एजंटचं कोटेशन आहे : पाच वर्षं, 24 लाख, सगळं आलं. जॉर्जियातल्या तिबिलिसीच्या विद्यापीठात सहा वर्षं, फी वर्षाला 5,500 डॉलर, राहणं-खाणं वेगळं. मिस्टर जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, वय 50, हातात 78 हजार येतात, पैकी 15 हजार बाजूला पडतात. एफडी 14 लाख, जीपीएफ (भविष्य निर्वाह निधी) 16 लाख, गावात 18 लाखांचा एन.ए. (बिनशेती) प्लॉट. धाकटा नववीत आहे. प्लॉट विकून तिबिलिसी करावं का? (एक आई, बार्शी)

ताई, कोटेशनचा फोटो सोबत जोडलात हे फार बरं केलंत. त्यात वर्षाला 4,500 डॉलर, म्हणजे 90 च्या दराने 4 लाख 5 हजार धरलेत. पाच वर्षांचे झाले 20 लाख 25 हजार. उरलेले 3 लाख 75 हजार पहिल्या वर्षाच्या रकान्यात ‘प्रोसेसिंग, डॉक्युमेंटेशन व इतर’ अशा एकाच ओळीत बसवलेत. या ‘इतर’चा हिशेब मागाच.

पण माझी नजर अडकली ती ‘पाच वर्षं’ या शब्दांवर. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर 2021 च्या नियमांप्रमाणे परदेशातला अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा लागतो, शिवाय त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप लागते. झाले 66 महिने. पाच वर्षांत 60 च बसतात. शिक्षण इंग्रजीतून हवं, आणि त्या देशात तिथल्या नागरिकांच्या बरोबरीने डॉक्टरकी करण्याचा परवाना मिळण्याची पात्रता हवी. यातलं एक जरी हुकलं तरी डिग्री भिंतीवर लावायच्या कामाची. त्यामुळे बिश्केकचाही हिशेब सहा वर्षांचाच मांडायचा.

दुसरी खोट डॉलरची. 2014 मध्ये साठ-एकसष्ट रुपयांना मिळणारा डॉलर 2024 संपताना 85 च्या पुढे गेला, म्हणजे वर्षाला साधारण साडेतीन टक्के वाढ. तीच चाल पुढे धरली, दरवर्षीच्या जाण्या-येण्याचे 60 हजार घातले आणि परतल्यानंतरच्या परीक्षेचा क्लास व घरखर्च मिळून 5 लाख ठेवले, तर बिश्केक 39 लाखांवर जातं. तिबिलिसीला राहण्या-खाण्याचे वर्षाला 3,500 डॉलर धरले की आकडा 62 लाख होतो. फरक 23 लाखांचा.

आता घरची बाजू. मुलगी सहा वर्षांनी परत येईल. मग एफएमजीई, म्हणजे परदेशातून डॉक्टर होऊन आलेल्यांना इथे द्यावी लागणारी परीक्षा : 300 प्रश्न, पास व्हायला 150, वर्षातून दोनदा. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच सत्रांत पाचातला एखादा, फार तर चारातला एक पास झालाय. पहिल्या फटक्यात सुटली तरी निकाल, नोंदणी आणि इथली वर्षभराची इंटर्नशिप धरून पहिला खरा पगार यायला दीड-पावणेदोन वर्षं जातात. शैक्षणिक कर्जाचा हप्ता मात्र सहसा कोर्स संपल्यावर एका वर्षाने चालू होतो. तेव्हा तुमचे मिस्टर 57 चे असतील, आणि 58 ला निवृत्ती. मला सगळ्यात जास्त काळजी याच वर्षाची वाटते.

एफडी आणि महिन्याचे 15 हजार आधी वापरले, कर्ज शेवटच्या वर्षांत उचललं, व्याज साडेदहा टक्के आणि मुदत 15 वर्षं धरली, तर प्लॉट न विकता बिश्केकला 14 लाखांचं कर्ज लागेल आणि हप्ता साडेएकोणीस हजारांच्या आसपास बसेल. तिबिलिसीला 37 लाख, हप्ता 54 हजार. तो पेन्शनमधून जाणार नाही. प्लॉट विकलात तर कर्ज निम्म्यावर येईल हे खरं, पण ते 18 लाख धाकट्याच्या वाट्याचे आहेत. तो अजून नववीत आहे म्हणून त्याला कोणी विचारलं नसेल, एवढंच. जीपीएफला तर हातच लावू नका.

महागडं कॉलेज घेतलं की परीक्षा सुटते, असं समीकरण नाही. एक सत्र नापास म्हणजे सहा महिन्यांचा बुडालेला पगार आणि क्लास, साधारण 4 लाख. 23 लाखांत अशी पाच-सहा सत्रं भरून निघतात. कधीच पास न होण्याची भरपाई मात्र कुठल्याच आकड्यात नाही. म्हणून परीक्षा मंडळाने प्रसिद्ध केलेला संस्थानिहाय निकाल काढा आणि दोन्ही नावांसमोर किती बसले, किती पास झाले ते बघा. तिबिलिसीचं प्रमाण दुपटीच्या घरात असेल तर प्लॉटवर पुन्हा बोलू.

तोवर माझं मत बिश्केककडे, पण या एजंटच्या कागदावर नाही. 54 अधिक 12 महिने, माध्यम आणि परवान्याची पात्रता हे कॉलेजच्या लेटरहेडवर लिहून घ्या. देत नसतील तर कॉलेज बदला. मे 2024 मध्ये तिथे परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलवर जमाव चालून गेला होता, हेही मुलीशी बोला. ते माझ्या हिशेबाबाहेरचं आहे.

तीन वर्षांची फी एकदम भरल्यास दीड लाख सूट, असं कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात आहे. नको. फेब्रुवारी-मार्च 2022 मध्ये युद्धामुळे युक्रेनमधून मुलं एका बॅगेनिशी परतली, तेव्हा पुढची फी आधीच भरलेले पालक त्या पैशाच्या मागे लागले होते. फी वर्षाची वर्षाला, थेट कॉलेजच्या खात्यात.

बँकेत जाल तेव्हा प्लॉटचा एन.ए. आदेश सोबत ठेवा. शेतजमीन बहुतेक बँका या कर्जाला तारण म्हणून घेत नाहीत. कर्जातून गेलेल्या फीवर टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक कापते तो कर, लागत नाही. खिशातून वर्षाला 10 लाखांच्या वर पाठवलं तरच तो कापतात, आणि तोही रिटर्नमध्ये वळता होतो. कर्जाच्या व्याजावरची आयकराची सवलत जुन्या करप्रणालीतच आहे. आणि पत्राच्या शेवटी भिशीचे 90 हजार ‘वेगळे’ म्हणून लिहिलेत ना, ते वेगळेच राहू द्या. मुलीला मध्येच अचानक परत आणायची वेळ आली तर तिकीट त्यातून काढा.